खुलासा: पीट ड्यूएल गेला म्हणून 'एलियस स्मिथ अँड जोन्स' बंद नाही पडली

सध्या एक पोस्ट फिरतेय की ३१ डिसेंबर १९७१ ला मुख्य भूमिकेतला अभिनेता पीट ड्यूएल गेला आणि ही वेस्टर्न मालिका तिथेच गुंडाळली. हे चूक आहे. जानेवारी १९७१ मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीवर सुरू झालेली मालिका जानेवारी १९७३ पर्यंत चालली, एकूण ५० भाग, त्यातले ३३ पीटचे आणि उरलेले १७ त्याच्या जागी आलेल्या रॉजर डेव्हिसचे, जो आधीपासून सुरुवातीचं निवेदन करायचा आणि एका भागात तर व्हिलनही झाला होता. पीट फक्त ३१ वर्षांचा होता हो, आणि तरी शूटिंग लगेच पुन्हा सुरू केलं, हे वाचून मला आजही वाईट वाटतं.

आणि मालिकेतले दोघं नायक, हॅनिबल हेज (पीट) आणि किड करी (बेन मर्फी), खरे दरोडेखोर होते असंही त्यात लिहिलंय, तर किड करी हे नाव खऱ्या हार्वी लोगनचं, पण तो चांगलाच खुनशी माणूस होता, बेन मर्फीने केलेला लाघवी किड तसा अजिबात नाही. हॅनिबल हेज पूर्ण काल्पनिक. गव्हर्नरची गुपचूप माफी मिळावी म्हणून सरळ वागायची धडपड, तीही कथाच. पीटचे भाग आधी बघा, तो हसला की कळतं लोक का जीव टाकायचे.