टॉनिकच्या बाटलीबद्दल: एका दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. तुम्ही लिहिलंय की किमो चालू असलेल्या पुतण्याला मेडिकलमधून आणलेलं ताकदीचं टॉनिक महिनाभर चालू आहे आणि डॉक्टरांच्या कानावर ते घातलेलं नाही. त्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. 'फॉलिक ॲसिड' किंवा 'आयर्न' दिसलं तर पुढचा चमचा देण्याआधी वॉर्डात फोन लावा आणि विचारा. त्याच्या डॉक्टरांनीच लिहून दिलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

आता तुमच्या रागाकडे येते. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. "किमो चालू असताना विचारल्याशिवाय व्हिटॅमिनची गोळीसुद्धा देऊ नका," असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर दादांचं म्हणणं असं: लेकरू डोळ्यांदेखत सुकतंय, त्याला ताकदीचं औषध द्यायचं नाही तर काय बघत बसायचं? अन्न हेच औषध मानणारी आपली परंपरा, तिथे गुळवेलाच्या काढ्यालाही बंदी कशाला? आणि लेखातला आहाराचा तक्ता पैसेवाल्यांचा आहे, पनीर, बदाम, अंजीर बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या कुठल्या घरात रोज येतं?

तक्त्याबद्दल तुमचं शंभर टक्के खरं आहे. तो मी मोठ्या शहरातल्या एका छापील कागदावरून उतरवला होता आणि तसं करायला नको होतं. माझी लेक आजारी पडली तेव्हा आमच्या घरातही बदाम नव्हते. तिला जे जगवत होतं ते आपल्याच चुलीवरचं होतं, आणि नेमकं तेच मी लिहिलं नाही.

त्या दिवसांतला एक प्रसंग सांगते. लेक तेव्हा सहा वर्षांची, आजार रक्ताच्या कॅन्सरचा, मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा ल्युकेमिया. तिसऱ्या आठवड्यात तिचं तोंड आलं. ओठांच्या आतून, जिभेखाली पांढरे व्रण. पाणी गिळतानाही ती माझा हात घट्ट धरायची. हातात मिळालेला आहाराचा कागद कन्नड आणि इंग्रजीत होता. मला कन्नड बोललेलं कळतं, वाचायला मात्र अडखळते. शेजारच्या कॉटवर गोकाककडची एक आई होती. तिने कागद बाजूला ठेवला, आपल्या डब्यातली रागी अंबली वाटीत काढली आणि म्हणाली, "स्वल्प स्वल्प कोडरी, अक्का." थोडं थोडं द्या. ती अंबली म्हणजे आपली नाचणीची आंबीलच की! तिखट-मीठ-ताक न घालता, दूध-गुळात पातळ शिजवलेली, कोमट. दर दहा मिनिटांनी एक चमचा. अख्खी सकाळ एका वाटीत गेली, पण ती वाटी पोटात गेली.

म्हणून तक्ता आता बदलला आहे. नाचणी, कारण 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मऊभात, त्यात घट्ट वरण आणि चमचाभर तूप, ज्याने पंचेचाळीसेक कॅलरी वाढतात आणि लेकराला एक घासही जास्त खावा लागत नाही. पूर्ण उकडलेलं अंडं, एकात सहा ग्रॅम प्रथिनं. मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट जवळपास तेवढंच देतं, फक्त बुरशीचा वास येणारे दाणे फेकून द्या. आपल्याकडची रताळी पोट भरायला उत्तम. पण "त्यातून व्हिटॅमिन ए मिळतं" असं तुम्ही लिहिलंय ते केशरी गराच्या रताळ्याचं; आपल्या शेतातलं पांढऱ्या गराचं असतं. त्यासाठी गाजर, लाल भोपळा, पालेभाजी बरी. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, खाली असताना मात्र सगळं ताजं शिजवलेलं, हात धुऊन वाढलेलं. उघड्यावरची कापलेली फळं आणि कच्ची कोशिंबीर तेवढे दिवस नकोच.

आता टॉनिक. तुम्हाला वाटतं मी पुस्तकातलं सांगतेय. दादा, ती बाटली मी स्वतः दिली आहे.

मेंटेनन्स चालू झालं होतं, म्हणजे घरी राहून गोळ्या, आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे किमोचं औषध. लेक फिकट दिसायची. मेडिकलमध्ये सांगितलं, "रक्त वाढायला हे द्या." मी नऊ दिवस दोन-दोन चमचे दिलं. दहाव्या दिवशी तपासणीला गेलो, तेव्हा पिशवीत ती बाटली सिस्टरना दिसली. त्यांनी ती उजेडात धरली, फॉलिक ॲसिड या शब्दावर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "हे कुणी लिहून दिलं?" माझ्या तोंडून शब्द फुटेना.

कारण समजून घ्या. फॉलिक ॲसिड हे ब गटातलं जीवनसत्त्व. नव्या पेशी तयार व्हायला ते लागतंच, आणि कॅन्सरच्या पेशीही सतत नव्या तयार होत असतात. मेथोट्रेक्सेट नेमकं त्याच जीवनसत्त्वाचं काम अडवतं. एका हाताने गोळी देऊन अडवायचं आणि दुसऱ्या हाताने टॉनिकमधून तेच ओतायचं, यात औषधाचा जोर कमी पडू शकतो. शिवाय डॉक्टर पुढचा डोस रक्ताचे काउंट बघून ठरवतात, तो हिशेबही चुकतो.

या गोष्टीची सुरुवात आपल्या मुंबईतली आहे, हे मला फार पुढे कळलं. लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 साली मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त का कमी होतं, हे ती शोधत होती. यीस्टच्या अर्काने त्या सुधारतात हे तिने 1931 साली मांडलं, आणि त्या अर्कातला गुण म्हणजे हेच फॉलिक. पुढे अमेरिकेत आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या चमूने ते प्रयोगशाळेत बनवलं. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना आधी फॉलिकच्याच जातीचं औषध दिलं, आणि आजार मंदावायच्या ऐवजी पुढे पळतोय असं त्यांना दिसलं. मग त्यांनी उलटा विचार केला. सुब्बारावांच्या चमूनेच बनवलेलं फॉलिकविरोधी औषध दिलं, आणि 1948 साली 16 पैकी 10 मुलांमध्ये सुधारणा दिसल्याचं जाहीर केलं. ती सुधारणा तात्पुरतीच होती, पण तोवर या मुलांसाठी काहीच नव्हतं. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं. ताकदीचं म्हणून दिलेलं जीवनसत्त्व आजारालाच ताकद देतंय असा संशय डॉक्टरांना पहिल्यांदा आला तो असा.

तुम्ही विचाराल, मग हॉस्पिटलमध्येच फॉलिनिकचं, म्हणजे फॉलिकच्याच जातीचं, इंजेक्शन का देतात? ते मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या डोसनंतर, तास मोजून, निरोगी पेशी वाचवायला देतात. त्यांचं घड्याळ ठरलेलं असतं. आपल्या चमच्याला ते घड्याळ नाही.

पालेभाजी मात्र थांबवू नका. मी घाबरून महिनाभर मेथी-पालक बंद केले होते, ते चुकलंच. जेवणातलं फॉलिक चालतं. आणि सगळ्याच कॅन्सरला मेथोट्रेक्सेट नसतं, म्हणून फाइल बघून विचारायचं.

लोहाचं कारण वेगळं. या मुलांना वारंवार रक्त चढवावं लागतं आणि एका पूर्ण पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह येतं. शरीराला ते सहजी बाहेर टाकता येत नाही, साठत जातं. फिकेपणा दिसतो तो लोहाच्या कमतरतेचा असेलच असं नाही. बऱ्याचदा तो आजाराचा आणि किमोचा असतो.

पुतण्या शाळेत जायला लागला असेल तर आणखी एक गोष्ट. प्राथमिक शाळेत आठवड्याला गुलाबी गोळी मिळते. त्यात 45 मिलिग्रॅम लोह आणि 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. बाकी मुलांसाठी ती फार चांगली योजना आहे. पण आपल्या मुलाची गोष्ट बाईंना आधी सांगून ठेवा, डॉक्टरांना विचारेपर्यंत गोळी थांबवा. आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

गुळवेलाबद्दल मी जपून लिहिते, कारण माझ्या आईचाही त्यावर जीव आहे. 2021 साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, हेही खरं. तो वाद मोठ्यांचा. आपल्या मुलांचं यकृत आधीच किमोच्या औषधांचा भार वाहत असतं. रिपोर्ट बिघडला की किमो पुढे ढकलतात, आणि मग काढ्याने बिघडला की औषधाने, हे कुणालाच ओळखता येत नाही.

मी व्हिटॅमिनच्या विरोधात मात्र नाही. या उपचारात दिलेल्या स्टेरॉइडने हाडं कमजोर होतात, म्हणून लेकीचं व्हिटॅमिन डी तपासलं. ते 12 निघालं, 20 च्या खाली म्हणजे कमतरताच. इतकं ऊन असलेल्या मुलखातली पोर! डॉक्टरांनी दुधातून घ्यायची पावडर ठरावीक आठवडे लिहून दिली आणि पुन्हा तपासलं. आणि तुमच्या बाजूचाही एक पुरावा देते. ल्युकेमियाच्या 103 मुलांवरचा एक अमेरिकन अभ्यास 2004 साली आला. ज्यांच्या आहारात सी, ई अशी जीवनसत्त्वं कमी होती, त्यांना किमोचा त्रास जास्त झाला. अन्नाला मोल आहे हे तुमचं म्हणणं त्यात आहेच. फक्त तिथे जेवणातली जीवनसत्त्वं मोजली होती.

शेवटी "आता जरा अंग धरलंय" असं तुम्ही पुतण्याबद्दल लिहिलंय, तिथे माझी नजर अडकली. स्टेरॉइड चालू असताना माझ्या लेकीचे गाल असे भरले की सासूबाईंनी दृष्ट काढली. त्याच आठवड्यात सिस्टरनी तिच्या दंडाभोवती टेप गुंडाळली, तर दंड महिन्यापूर्वीपेक्षा एक सेंटिमीटर बारीक. गालावर पाणी आणि चरबी, दंडातलं मांस मात्र झिजलेलं. वजनाचा काटा दोन्ही एकत्र मोजतो.

तर शिंप्याची साधी टेप घ्या. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून, दर पंधरा दिवसांनी, तारखेसह वहीत लिहा. पुढच्या तपासणीला ती वही न्या आणि ती बाटलीही न्या, लपवू नका. कागद कन्नडमध्ये मिळाला आणि अडलात तर त्यातलं वाक्य इथेच खाली लिहा. मला अडलं तर शेजारच्या अक्कांना विचारून सांगते.