भाजीच्या कारल्यातली बी का उगवत नाही

बागकामाच्या गटांत एक संदेश सारखा फिरतोय: ‘भाजीचं कारलं चिरलं की बिया फेकू नका. तशाच ओल्या कुंडीत पेरा, चार दिवसांत रोप, महिन्यात कारली. फुलं गळू लागली तर चमचाभर युरिया घाला.’ यातला एकही सल्ला धड नाही, आणि तो ऐकून पहिल्यांदाच कारलं लावणाऱ्यांचा अख्खा हंगाम वाया जातो.

आधी बीचं बघू. भाजीचं कारलं कोवळंच तोडतात, फळ धरल्यापासून १२ ते १५ दिवसांनी. तेव्हा बी पांढरी असते, नखाने दबते, आतला गर भरलेलाच नसतो. अशी बी मातीत कुजते. बियाण्याचं कारलं वेलीवरच नारिंगी होऊ द्यायचं. ते टोकाकडून उलतं आणि आत लालभडक, चिकट आवरण दिसतं. ते पाण्यात चोळून काढलं की खाली तपकिरी, कोरीव नक्षीची, टणक बी सापडते. ती सावलीत आठवडाभर वाळवा. बाजारातलं कारलं घरी ठेवून पिकलं तरी ते बहुधा संकरित वाणाचं असतं, पुढची वेल तशीच येईल याचा भरवसा नाही. बी राखायची असेल तर राहुरी कृषी विद्यापीठाचं ‘हिरकणी’ किंवा दापोली कृषी विद्यापीठाचं ‘कोकण तारा’ यांसारखे सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण घ्या.

‘चार दिवसांत रोप’ हेही फसवं. कारल्याच्या बीचं कवच जाड असतं, नुसती पेरली तर दोन आठवडेही लागतात. टोकाजवळच्या कडेला नेलकटरने कवच किंचित फोडा, आतल्या गराला धक्का नको. मग बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा. दोन-दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवली तर ती गुदमरून सडते. मोड दिसला की दोन सेंटीमीटर खोल पेरा. कुंडी निदान १५-२० लिटरची हवी आणि तळाला भोकं हवीत. ऊब २५ ते ३० अंशांची लागते, म्हणून ऐन थंडीत पेरून उपयोग नाही. जानेवारीअखेर-फेब्रुवारी किंवा जून-जुलै धरा.

महिन्यात कारली येत नाहीत. पेरणीपासून पहिल्या तोड्याला ५५ ते ६० दिवस लागतात.

सगळ्यात जास्त नुकसान युरिया करतो. कारल्याला आधी नर फुलं येतात, ती एक दिवस उमलून गळतात, आणि हे अगदी बरोबर आहे. मादी फुलं आठवडा-दोन आठवड्यांनी दिसतात. पाकळ्यांच्या मागे इवलंसं खरखरीत कारलं असेल तर ते मादी फूल. नर फुलं गळताना युरियातलं नत्र (नायट्रोजन) ओतलं की वेल नुसती पानांनी फोफावते आणि मादी फुलं आणखी लांबतात. मादी फूल दिसूनही फळ धरत नसेल, तर मधमाश्या येत नसाव्यात. सकाळी नऊच्या आत ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि त्याचे परागकोश मादी फुलाच्या मधोमध अलगद टेकवा.

फळ बोटभर होऊन पिवळं पडलं, तर ते उभं चिरून पाहा. आत पांढऱ्या अळ्या असल्या तर ती फळमाशी. तसली फळं मातीत पडू देऊ नका, कारण अळ्या मातीतच कोषात जातात. ती पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, आणि पुढची कोवळी फळं फूल सुकताच कागदी पिशवीने झाका.