खुलासा : तांब्याची कळशी आणि कॅनडाचे पाणी

‘कॅनडातील ऑटम पेल्टिए या मुलीने तांब्याची कळशी घेऊन महासरोवरांना (ग्रेट लेक्स) पायी प्रदक्षिणा घालण्याची प्रथा सुरू केली आणि त्यामुळे तेथील सर्व आदिवासी वस्त्यांना शुद्ध पाणी मिळाले,’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो दोन्ही बाबतींत चुकीचा आहे.

ही जलयात्रा 2003 मध्ये जोसेफिन मँडामिन आणि त्यांच्या सोबतच्या अनिशिनाबे या आदिवासी समाजातील स्त्रियांनी यांपैकी सुपीरियर सरोवराभोवती सुरू केली, आणि ऑटमचा तर जन्मच 2004 चा आहे. पाण्याची राखण हे स्त्रियांचे कर्तव्य, या परंपरेनुसार कळशी एका बाईच्या हातून दुसरीच्या हाती जाते आणि पाणी वाहते राहावे म्हणून दिवसभराची चाल मध्येच थांबवली जात नाही. मँडामिन या ऑटमच्या नात्याने आजी. 2019 मध्ये त्यांच्या निधनानंतर अनिशिनाबेक नेशन या आदिवासी समुदायांच्या संघाच्या मुख्य जल-आयुक्तपदाची जबाबदारी ऑटमकडे आली. या आजींचे नाव गाळणे आम्हाला विशेष खटकते.

दुसरे असे की, आदिवासी वस्त्यांना दिलेल्या ‘पाणी उकळूनच प्या’ अशा दीर्घकालीन सूचना मार्च 2021 पर्यंत संपवण्याचे कॅनडा सरकारचे आश्वासन मुदतीत पूर्ण झाले नाही. शंभराहून अधिक सूचना उठल्या, हे खरे. मात्र त्या मुदतीनंतरही अनेक वस्त्यांत नळाचे पाणी थेट पिण्याजोगे नव्हते.