वास्को काउंटी निर्मनुष्य नव्हती

गेल्या आठवड्यात मावशीनं घरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. मजकूर थोडक्यात असा: ओशोंनी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात निर्मनुष्य वाळवंटात नंदनवन फुलवलं, कुणाच्या केसालाही धक्का लावला नाही, ख्रिस्ती सरकारला ते खुपलं, म्हणून विषबाधेचं कुभांड रचून शहर उद्ध्वस्त केलं आणि त्यांनाच तुरुंगात विष दिलं. खाली 'जास्तीत जास्त शेअर करा'. मावशी तीस वर्षं शाळेत शिकवत होती, काहीही छापील आलं तरी आधी दोनदा वाचणारी बाई. तिनंही हे खरं मानलं, म्हणून लिहायला बसलो.

'निर्मनुष्य' म्हणजे काय? ओशोंची वसाहत उभी राहिली ती वास्को काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग). हे नावच तिथल्या मूळ रहिवाशांचं. कोलंबिया नदीवरच्या सेलिलो धबधब्यावर ते लोक पिढ्यान् पिढ्या सॅमन मासे पकडत. १९५७ साली धरणाच्या पाण्यात तो धबधबा बुडाला. द डॅल्स हे काउंटीचं मुख्य गाव, आजूबाजूला चेरीच्या बागा, डफरकडे गव्हाची शेतं. शानिको गावातून एके काळी रेल्वेनं लोकरीचे गठ्ठे रवाना होत. आणि ओशोंच्या लोकांनी घेतलेल्या रँचच्या, म्हणजे गुरं-मेंढ्यांच्या मोठ्या माळरानाच्या वाटेवरचं अँटेलोप गाव, जेमतेम चाळीस वस्तीचं, बरेचसे निवृत्त म्हातारे. माणसं कमी होती म्हणजे कुणी नव्हतंच असं होत नाही.

नंदनवनाचं म्हणाल तर त्यात थोडं तथ्य आहे, नाकारणार नाही. १९८१ साली घेतलेला चौसष्ट हजार एकरांचा 'बिग मडी रँच' मेंढ्यांनी चरून उजाड झालेला होता. तिथे ओशोंच्या अनुयायांनी धरण बांधलं, भाजीपाला पिकवला, बससेवा चालवली. राबले ते खरंच. स्थानिकांपैकी काहींनी त्यांच्या लाल कपड्यांवरून द्वेष पसरवला, हेही खरं.

पण 'केसालाही धक्का लावला नाही'? अँटेलोपमध्ये घरं विकत घेत गेले, मतदार वाढवले. गावकऱ्यांनी हातचं जाण्याआधी नगरपालिकाच विसर्जित करायचा ठराव १९८२ साली मतदानाला टाकला, तो यांच्या मतांनी पडला. मग नगरपालिका यांची, शाळा यांची, आणि १९८४ साली गावाचं नावच 'रजनीश'. तुमच्या गावाच्या वेशीवरची पाटी अशी कुणी बदलली तर तुम्ही काय कराल?

आता विषबाधा. इथेच माझा संयम सुटतो. नोव्हेंबर १९८४ मध्ये काउंटीची निवडणूक होती. ती जिंकायला हजारो बेघरांना देशभरातून बसनं आणलं. दुसरीकडे, डॅल्सच्या लोकांना मतदानाच्या दिवशी अंथरुणात ठेवायचा बेत होता. त्याची चाचणी म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दहा रेस्टॉरंटांच्या सॅलड बारमध्ये साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मिसळला. गिऱ्हाईक म्हणून आत जायचं, बाळगलेलं गढूळ पाणी लेट्यूसवर, ड्रेसिंगमध्ये ओतायचं आणि बाहेर पडायचं. ७५१ माणसं आजारी पडली, ४५ रुग्णालयात दाखल. कुणी मेलं नाही, ते नशीब. त्याआधी रँचवर तपासणीला गेलेल्या काउंटीच्या दोन अधिकाऱ्यांना पाण्यातूनच हे पाजलं होतं.

'सरकारनं रचलं' म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. सरकारी तपासात सुरुवातीला खापर फुटलं ते रेस्टॉरंटच्या कामगारांच्या अस्वच्छ हातांवर! आश्रमाचं नाव घेणाऱ्या खासदारालाच लोकांनी पूर्वग्रहदूषित ठरवलं. कुभांड रचणारे असं करतात का? मग सप्टेंबर १९८५ मध्ये रजनीशांची सचिव शीला पळाली आणि खुद्द रजनीशांनी पत्रकारांसमोर तिच्यावर विषप्रयोगाचा आरोप केला. फॉरवर्डवाल्यांना आपल्या गुरूंवरही विश्वास नाही का? झडतीत त्यांच्याच प्रयोगशाळेत तोच जंतू सापडला. शीला आणि आश्रमातली परिचारिका पूजा न्यायालयात दोषी ठरल्या. या साथीचा संपूर्ण शोधनिबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९९७ साली छापून आला. कुणी नक्कल करेल या भीतीनं डॉक्टरांनी तो इतकी वर्षं रोखून धरला होता. बदनामी करायची असती तर पहिल्याच दिवशी बोंब मारली असती.

तुरुंगातलं विष हा आरोप नंतर पुण्यात परतल्यावर झाला, पुरावा आजतागायत कुणी दिलेला नाही. आणि शहर कुणी उद्ध्वस्त केलं? रजनीशांनी व्हिसाच्या फसवणुकीच्या खटल्यात तडजोड केली, चार लाख डॉलर दंड भरला आणि देश सोडला. माणसं आपोआप पांगली. आज तिथे मुलांची शिबिरं भरतात.

अँटेलोपचं नाव १९८५ च्या नोव्हेंबरात परत आलं. तिथे पोस्टासमोरच्या ध्वजस्तंभाखाली एक फलक आहे, त्या चार वर्षांत गावात टिकून राहिलेल्यांसाठी. मावशी, फॉरवर्डमध्ये त्या म्हाताऱ्यांचा एका शब्दानंही उल्लेख नाही. तो तू ग्रुपवरून काढून टाक आणि हे तिथेच टाक.