भाव दिसतो, मागची वर्षं दिसत नाहीत
ख्रिसमस ट्री महागली म्हणून शेतकऱ्याला नफेखोर म्हणणं अजिबात पटत नाही. अहो, सहा-सात फुटी फ्रेझर फर (ख्रिसमस ट्री म्हणून लावतात ती सूचिपर्णी जात) तयार व्हायला ७ ते १० वर्षं जातात, तोवर दर उन्हाळ्यात एकेक झाड हाताने छाटून शेप द्यायचा, तण काढायचं, आणि पाणी साचलं की फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू मुळं कुजवतो ते वेगळंच, एकदा तो जमिनीत शिरला की तिथे परत फ्रेझर लावायची सोय नाही. अमेरिकेत २००८ च्या मंदीत लागवड घटली आणि तुटवडा जाणवला तो थेट २०१६-१७ च्या सुमारास! विक्री जेमतेम महिनाभर, २५ डिसेंबरनंतर तोडलेल्या झाडाला कोण विचारतंय? प्लास्टिकवाल्याचा उरलेला माल निदान पुढच्या सीझनला तरी खपतो.