आधी शू, मग स्नोपँट

न्यूयॉर्क राज्यात, ऑन्टॅरिओ सरोवराच्या दक्षिण काठावर पहिलीचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईला 'डिसेंबर ते मार्च तुम्ही काय शिकवता?' असं विचारलंत, तर खरं उत्तर एकच आहे: कपडे घालायला. वाचन, बेरीज-वजाबाकी वगैरे कागदोपत्री असतं. उरलेल्या वेळात तेही होतं.

इथल्या बर्फाचं गणित सोपं आहे. कॅनडाकडून गार, कोरडी हवा निघते, सरोवराच्या त्यामानाने कोमट पाण्यावरून जाताना भरपूर वाफ उचलते आणि काठ ओलांडला की सगळी आमच्या डोक्यावर ओतते. पलीकडचं एरी सरोवर उथळ. ते जानेवारी-फेब्रुवारीत बऱ्याचदा गोठतं आणि त्याच्या काठावरच्या बफेलोकरांना जरा उसंत मिळते. ऑन्टॅरिओ खोल, ते सहसा पुरतं गोठत नाही, त्यामुळे सिरॅक्यूजसारख्या शहराच्या वाट्याला हिवाळ्यात सरासरी १२० इंचांच्या वर बर्फ येतो. म्हणजे दहा फूट. या भागातल्या पाच शहरांत 'गोल्डन स्नोबॉल' नावाची चुरसही चालते, सगळ्यात जास्त बर्फ ज्याच्याकडे पडेल तो जिंकला. हरणाऱ्यांना खरोखर वाईट वाटतं. हे मी पुण्याच्या नातेवाइकांना समजावून सांगायचं सोडून दिलं आहे.

तर कपडे. एका मुलाचा हिवाळी ऐवज असा: स्नोपँट, जाकीट, टोपी, नेकवॉर्मर, दोन बूट आणि दोन मिटन, म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकी चार बोटं एकत्र कोंबलेले हातमोजे. (बोटं एकमेकांना ऊब देतात, म्हणून पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा हे जास्त गरम. शिवाय सहा वर्षांच्या मुलाची पाच बोटं पाच योग्य घरांत घालणं हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.) झाले आठ नग. वर्गात बावीस मुलं, म्हणजे १७६. वर वर्गात घालायचे कोरडे बूट, आणखी ४४. एकूण २२० नग, त्यातले बहुतेक काळे, आणि मधली सुट्टी वीस मिनिटांची.

घालण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो पूजेच्या विधीसारखा पाळावा लागतो, मध्ये काही चुकलं की पुन्हा आचमनापासून. आधी शू. मग स्नोपँट, बूट, जाकीट, चेन, नेकवॉर्मर, टोपी आणि सगळ्यात शेवटी मिटन. बूट जाकिटाच्या आधी, कारण कापूस भरलेलं जाकीट चढलं की मूल कमरेत वाकत नाही. मिटन शेवटी, कारण मिटन घातलेल्या हाताने चेन लावता येत नाही. मुलांचा नैसर्गिक क्रम मात्र याच्या बरोबर उलटा असतो. मिटनवर युनिकॉर्न असतो, म्हणून आधी मिटन.

मफलर आमच्याकडे बंद. घसरगुंडीत अडकून गळ्याला फास बसू शकतो हे अधिकृत कारण. मफलरचा लगाम करून एक घोडा आणि एक घोडेस्वार तयार होतात, हे दुसरं.

'आधी शू' हा नियम भिंतीवर चित्रासकट लावलेला आहे. तरीही बाविसावी चेन वर गेली, रांग लागली, दार उघडलं, की रांगेतून आवाज येतो:

"मिस, मला शू लागलीये."

"मघाशी विचारलं होतं ना मी?"

"तेव्हा नव्हती लागली."

यावर तोड नाही. त्या मुलाला सोलायचं आणि पुन्हा भरायचं.

जाकीट घालायची एक युक्ती मात्र सोन्याच्या मोलाची आहे. जाकीट जमिनीवर उघडं पसरायचं, अस्तर वर, आणि टोपीची बाजू मुलाच्या पायांकडे. मुलाने वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि जाकीट डोक्यावरून मागे टाकायचं. जाकीट आपोआप अंगात. बालवाडीतली पोरंसुद्धा आठवड्यात शिकतात. फसतं ते दोनच कारणांनी: टोपीची बाजू पायांकडे न ठेवता समोर ठेवली तर जाकीट उलटं लोंबतं, आणि बावीस जणांनी एकदम केलं तर शेजाऱ्याच्या तोंडावर बसतं. म्हणून सहा-सहाच्या तुकड्या.

चेन हे वेगळंच शास्त्र. एका बाजूची पिन दुसऱ्या बाजूच्या खाचेत तळापर्यंत टेकायला हवी. मूल ती अर्धी बसवतं आणि घाईने वर ओढतं. मग दाते मागेपुढे बसतात आणि चेन वरून बंद, पोटावर उघडी, अशी अवस्था होते. पिन बसली की डाव्या हाताने जाकिटाची खालची कड ताणून धरायची आणि मगच ओढायचं, हे मी सप्टेंबरातच, उकडत असताना, शिकवायला घेते. अस्तर अडकलं तर वर ओढत राहू नये. चेन जरा खाली घ्यावी आणि कापड आडवं ओढून सोडवावं. दाते कोरडे पडून अडखळत असतील तर पेन्सिलचं शिसं घासावं. आणि चेनच्या टोकाला किल्ल्यांची एक कडी अडकवावी. मिटन घातलेल्या हातालाही ती सापडते. हिवाळ्यात पालक शाळेसाठी काही देऊ का विचारतात तेव्हा मी कड्या मागते. त्यांना वाटतं मी विनय दाखवतेय.

बुटांचं म्हणाल तर डावा-उजवा हा घोळ सनातन आहे. एक स्टिकर मधोमध कापावा आणि दोन अर्धे दोन बुटांत, आतल्या बाजूला चिकटवावेत. बूट बरोबर ठेवले की अस्वल पूर्ण होतं, चुकले की अस्वलाच्या दोन पाठी दिसतात. पायात जात नसेल तर मोज्यावर पावाची रिकामी पिशवी चढवावी. पाय सुळकन आत जातो आणि बूट गळका असला तरी मोजा कोरडा राहतो. स्नोपँटच्या आत एक लवचिक घेर असतो, तो बुटाच्या बाहेरून यायला हवा. पँट बुटात खोचली की घसरगुंडीवरचा सगळा बर्फ नरसाळ्यातून गेल्यागत थेट टाचेपर्यंत. आणि उतरवताना बूट कधीही टाच धरून हिसकू नये, आतलं ओलं अस्तर पायाबरोबर बाहेर येतं. ओलं अस्तर परत आत घालणं माणसाच्या हातात नाही.

इतकं करून बाहेर गेल्यावर मुलं करतात काय? व्यापार. मैदानाच्या कडेला बर्फ हटवणाऱ्या नांगराच्या गाडीने ढकललेल्या ढिगातून बर्फाची ढेकळं निघतात, त्यांची मालकी लागते, अदलाबदल होते. निळसर, पारदर्शक तुकड्याला भाव जास्त. 'बर्फ जमिनीवरच राहील' हा नियम गोळे फेकू नयेत म्हणून केलेला. मुलं तो काटेकोर पाळतात, आणि ढेकूळ फेकत नाहीत, खिशात घालतात. दुपारी गणिताच्या तासाला खुंटीखाली तळं साचतं आणि मालक हुंदके देतो. त्याला वितळण्याचं तत्त्व समजावू नये. त्या क्षणी तो शोकात असतो.

जिभेबद्दलही एक सूचना. कडाक्याच्या थंडीत लोखंडी खांबाला जीभ लावली तर धातू उष्णता इतक्या झपाट्याने शोषतो की थुंकी जागच्या जागी गोठते. मुलाला ओढू नये, कोमट पाणी ओतावं. हे आधी सांगावं की नाही यावर शिक्षकांत दोन तट आहेत. सांगितलं तर ज्यांच्या डोक्यात नव्हतं त्यांच्याही येतं.

आता अभ्यास. माझं ठाम मत असं, की ज्या गोष्टीने अर्धा दिवस खाल्लाय तिच्याकडूनच शिकवून घ्यावं. सगळ्यात स्वस्त प्रयोग बरणीचा. काचेची बरणी बर्फाने काठोकाठ भरावी, न दाबता. वितळल्यावर पाणी कुठवर येईल, तिथे प्रत्येकाने खूण करावी. बहुतेक मुलं काठावर करतात. पाणी तळाशी येतं, साधारण दहाव्या हिश्शाइतकं, आणि सरोवराचा भुसभुशीत बर्फ असेल तर त्याहूनही कमी. बाकी सगळी हवा होती. खरी गंमत पुढे आहे. ते पाणी कॉफीच्या पांढऱ्या फिल्टरमधून गाळावं. फिल्टरवर काळे कण, एखादा तंतू, काहीतरी पिवळट. वर्गात शांतता पसरते आणि बर्फ खाणं बंद होतं. उद्यापर्यंत.

हिमकण पाहायचे तर काळा कागद आणि भिंग पुरे. पण कागद वर्गातून गरम गरम नेला तर कण पडताक्षणी पाणी होतो. तो निदान पंधरा मिनिटं आधी बाहेर ठेवायला हवा. आणि श्वास रोखायला हवा. सहा वर्षांची मुलं श्वास रोखतात, मोठ्याने. ढगात उणे १५ सेल्सिअसच्या आसपास तापमान असेल तर झाडाच्या फांद्यांसारखे फुटवे असलेले सुरेख तारे पडतात, उणे ५ च्या आसपास बारीक सुया. शून्याजवळ नुसते गठ्ठे. व्हरमाँटमधल्या जेरिको गावच्या विल्सन बेंटली या तरुण शेतकऱ्याने १५ जानेवारी १८८५ रोजी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा आपला पहिला फोटो घेतला, आणि पुढे १९३१ साली जाईपर्यंत पाच हजारांवर घेतले. पहिल्या फोटोच्या वेळी तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. मुलांना एकोणीस म्हणजे म्हातारा वाटतो.

मग ओघाने कागदाचे हिमकण. दुकानातल्या सजावटीत आठ टोकांचे सर्रास दिसतात, ते खोटे. पाण्याचे रेणू बर्फात षट्कोनी जाळीत बसतात, म्हणून टोकं सहा. मुलं कागद अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा करतात आणि आठ टोकं काढून ठेवतात. त्यापेक्षा गोल कॉफी फिल्टर घ्यावा: एकदा अर्धा, मग त्या अर्धवर्तुळाच्या तीन सारख्या घड्या. थर सहाच होतात, मुलांची बोथट कात्री तेवढे कापते. आणखी एक अर्धी घडी घातली तर थर बारा होतात आणि सहाही टोकं हुबेहूब सारखी येतात. न घातली तर एकाआड एक सारखी. पहिलीत सहा थरांवर थांबावं. घडीची बाजू टोकापासून टोकापर्यंत कापू नका, असं दहा वेळा सांगावं. तरी कोणीतरी कापतंच, आणि त्याच्या हातात सुट्या पाचरी येतात. त्याला 'हिमवर्षाव' असं नाव देऊन भिंतीवर चिकटवावं.

व्हेलच्या चरबीचा प्रयोगही हमखास चालतो. चेनच्या पिशवीत घट्ट वनस्पती तूप (आपला डालडाच, इथे दुसऱ्या नावाने मिळतो), आत दुसरी पिशवी उलटी करून, आणि दोन्हींच्या चेन एकमेकींत. आत हात घालून बर्फाच्या पाण्यात बुडवला तर गारवा लागत नाही. आतली पिशवी उलटी करायला विसरलात तर चेन जुळत नाहीत आणि तूप बाहेर येतं. चिकटपट्टी लावा. दोन फेरे.

संक्रांत या सगळ्याच्या ऐन मध्यावर येते. तिळगूळ वाटायची हौस असते, पण अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा अॅलर्जीच्या मुख्य पदार्थांत नववा. तेव्हा वर्गात नुसतं गोड बोलायचं.

आणि मग 'आत'. सकाळी ऑफिसातून स्पीकरवर हा शब्द येतो, म्हणजे आज मधली सुट्टी वर्गातच. पारा १० फॅरनहाइटवर आणि वारा ताशी २० मैल असला की अंगाला उणे ९ जाणवतं, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे २३. कितीला आत ठेवायचं हे शाळेगणिक वेगळं, पण एवढ्याला बहुतेक सगळेच आत. कपडे वाचले म्हणून आनंद व्हावा, तर तो पहिल्याच दिवशी होतो. तिसऱ्या दिवशी जिगसॉच्या डब्यात दुसऱ्या जिगसॉचे तुकडे असतात, मार्करची टोपणं गायब, हीटरने हवा इतकी कोरडी की गालिच्यावर पाय घासून एकमेकांना झटके देण्याचा उद्योग निघतो. यावर उपाय म्हणजे ठोकळे एका कोपऱ्यात, चार मुलांपुरतेच, आणि दर दहा मिनिटांनी पाळी बदल. आणि बाहेरचा बर्फ प्लॅस्टिकच्या मोठ्या टबात भरून आत आणणे. सोबत मिटन आणि स्प्रेच्या बाटलीत खाण्याचा रंग घातलेलं पाणी. रंग फिकटच हवा, गडद केला तर बाही आयुष्यभर हिरवी.

सुट्टीबद्दल मुलांची श्रद्धा मोठी: पायजमा उलटा घालायचा, उशीखाली चमचा ठेवायचा, बर्फाचे खडे संडासात सोडायचे, की दुसऱ्या दिवशी शाळा बंद. शिक्षकही करतात, फक्त सांगत नाहीत. पण सुट्टीहून वाईट असते 'दोन तास उशीर' ही सोय. नऊऐवजी शाळा अकराला. बूट, पँट, जाकीट उतरेपर्यंत साडेअकरा, आणि जेवणाची वेळ साडेअकराच, कारण खानावळीत मागे पाच इयत्ता रांगेत. जेवण झालं की मधली सुट्टी. म्हणजे पुन्हा सगळं चढवा. त्यात शाळेचा शंभरावा दिवस फेब्रुवारीत साजरा होतो, आणि बर्फाची प्रत्येक सुट्टी तो एक दिवस पुढे ढकलते. घरून मोजून आणलेले शंभर चेरिओज (नाश्त्याच्या छोट्या गोल कड्या) दप्तरात वाट पाहतात. कार्यक्रमाच्या दिवशी ते ७३ असतात.

मार्चमध्ये एखाद्या दिवशी ऊन पडतं आणि पालक स्नोपँट धुऊन माळ्यावर टाकतात. टाकू नका. आता बर्फाऐवजी चिखल आहे, आणि एप्रिलात बर्फही आहे. दरम्यान ऑफिसबाहेरच्या टेबलावर हरवलेल्या वस्तूंचा ढीग चढत जातो: एकेकटी मिटन, टोप्या, एक आख्खा बूट, एकच. पालकसभेला आलेले आईवडील त्यापुढे थांबतात, एखादं जाकीट उचलून बघतात आणि ठामपणे सांगतात, "हे आमचं नाही." कॉलरच्या आत मार्करने त्यांच्याच मुलाचं नाव असतं.