मागल्या दारची सर्व्हिस

मामाचं फोंड्यात किराणा दुकान आहे, त्याचं बिलिंग मी लिहून दिलंय, फुकटात. इतके दिवस टर्मिनल उघडून हातानेच चालू करायचो, पण पावसात लाईट सारखी जाते म्हणून शहाणपणा करून त्याची सिस्टिमडी सर्व्हिस बनवली (सिस्टिमडी म्हणजे लिनक्स सुरू झालं की प्रोग्राम आपोआप चालू करणारी बाई), एनेबल केली आणि तपासायचा कंटाळा केला.

चवथीला चार दिवस, दुकानात नारळ, गूळ, रव्याला ही रांग, आणि लाईट गेली. आली तेव्हा बिलिंग मेलेलं. लॉग म्हणतो पासवर्ड सापडत नाही. अरे सापडत नाही काय, मी स्वतः बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडलं की वाचली जाते त्या फाईलमध्ये, एक्सपोर्ट करून ठेवलाय! हाताने चालवलं तर चालतंय, सर्व्हिस म्हणून लावलं की ढिम्म.

मग डोक्यात प्रकाश पडला. बॅशआरसी म्हणजे पुढल्या दाराला चिकटवलेली चिठ्ठी, शेलमधून, म्हणजे टर्मिनलमधून येणाराच ती वाचणार. सर्व्हिसला सिस्टिमडी आणते मागल्या दाराने, न्हाणीच्या बाजूने, तिला कुठली चिठ्ठी नि कुठलं काय.

म्हटलं ठीक, एन्व्हायर्नमेंटफाईल देऊया, म्हणजे सर्व्हिसला असलं काही वाचायला द्यायची वेगळी फाईल. त्याच ओळी उचलून तिथे टाकल्या, एक्सपोर्ट शब्दासकट. तिला तो शब्द चालत नाही, पण भांडण नाही की काही नाही, लॉगमध्ये एक ओळ टाकली की ही ओळ सोडून दिली, आणि पुढे चालू. आमच्या आजीची पद्धत.

वैतागून पासवर्ड सरळ युनिट फाईलमध्ये, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते लिहितात तिथेच लिहिला. आता एरर बदलला, पासवर्ड चुकीचा! (ही प्रगती, मामाला सांगून बघितलं, पटली नाही.) पासवर्डमध्ये मी हुशारीने % घातलेला, त्यापुढे नेमका एच, आणि युनिटमध्ये %एच म्हणजे होम डिरेक्टरी, म्हणजे माझ्या पासवर्डच्या पोटात रूटचं घर जाऊन बसलेलं. तिथे % दोनदा लिहावा लागतो. तो दोनदा लिहिला तरी तेच, कारण युनिट बदललं की आधी डीमन-रीलोड (सिस्टिमडीला युनिट पुन्हा वाचायला लावणं), मग रीस्टार्ट, आणि या वेळी मी नुसतंच रीस्टार्ट मारतोय. सिस्टिमडी दर वेळी बोंबलून सांगत होती फाईल बदललीय म्हणून, पण रांगेतली काकी त्याहून मोठ्याने बोंबलत होती.

शेवटी पासवर्ड परत वेगळ्या फाईलमध्ये नेला, तिथे % एकदाच पुरतो, फाईलला परमिशन ६०० (मालकाशिवाय कोणी वाचायची नाही), एक्सपोर्ट काढला, रीलोड, रीस्टार्ट. चाललं!

मामाने गल्ल्याखालून वही काढली. "बरें जालें रे. आता ही सकाळपासूनची त्रेचाळीस बिलं घाल त्यात."